चार तोंडांची सळई

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

झाली एकदाची! सळई झाली.

फोनच करणार होते. पण फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते आणि तिथेच आपलं बोलणं संपतं. पत्राचं बरं असतं, पान भरेपर्यंत तरी माणसाला बसावं लागतं.

पाणी तपासायला चार वेगवेगळी उपकरणं बुडवण्यापेक्षा एकच बुडवली तर, असं मी म्हणाले होते तेव्हा तू म्हणाली होतीस, "बघ हं, एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या." वहिनी, धड झालंय. जाडीला अंगठ्याएवढी आणि लांबीला वीतभर सळई आहे. खालच्या टोकाला चार तोंडं. एक तापमान बघतं, एक आम्लता, एक पाण्यातले क्षार आणि एक विरघळलेला ऑक्सिजन. पेल्यात सोडायची, जरा थांबायचं, की चारही आकडे समोर हजर.

या चौघींना एका नळीत नांदवणं म्हणजे चार जावांना एका स्वयंपाकघरात कोंडण्यापैकी होतं. क्षार मोजणारी पाण्यात वीज सोडते, की शेजारची आम्लतावाली बावचळते. आम्लतावालीला तुलनेसाठी अंगाशी मिठाच्या पाण्याची कुपी लागते, आणि ती कुपी जराशी पाझरावीच लागते, नाहीतर बाई कामच करत नाहीत. ऑक्सिजनवाली मोजता मोजता स्वतःच थोडा ऑक्सिजन खाते. शेवटी आम्ही पाळ्या लावून दिल्या. एक बोलत असली की बाकीच्यांनी गप्प राहायचं. आता गुण्यागोविंदाने राहतात.

आमच्याकडे मोठ्या हौदात पंपाने पाणी फिरवत ठेवतात. त्यात ती महिनोन्महिने बिनचूक चालली. आता खऱ्या टेबलावर चालते का ते बघायचंय. साहेबांनी विचारलं, कुठे पाठवू या? मी तुझ्या प्रयोगशाळेचं नाव पुढे केलं. वशिला म्हण हवं तर. जुलैअखेर तुमचे आकडे बघून ठरणार. खरी ठरली तर सळया बनायला लागतील, नाहीतर ही कपाटात जाईल. माझी सगळी तिशी हिच्यात गेली आहे, तेव्हा हिला नीट सांभाळ.

तुझी छोटी


१९ फेब्रुवारी

लाडक्या वन्सं,

अहो-जाहो करत नाही म्हणून रुसू नका. मी या घरात आले तेव्हा तुझे पुढचे दोन्ही दात पडलेले होते आणि तू तुझ्या दादाच्या पाठीमागून मला वाकुल्या दाखवत होतीस. अशा नणंदेला मान द्यायचा तरी कसा?

तुझं बाळ सुखरूप पोचलं. पेटी उघडताना आमचं सगळं टेबल उभं होतं. तू आमची खोली पाहिलेली नाहीस. खाली तळ्याचं पाणी गावाला चढवणारे पंप, वर आम्ही. जमीन दिवसभर बारीक थरथरत असते, त्यामुळे नव्या माणसाला पहिला आठवडाभर वाटतं की आपल्यालाच चक्कर येतेय. टेबल लांबलचक आहे आणि त्याला चार खुर्च्या. पहिलीवर थंडोबा. तापमान त्याच्याकडे. नाव का पडलं ते विचारू नकोस, त्याला "आग लागली" म्हटलं तरी तो आधी चष्मा पुसेल. दुसरीवर आंबटबाई. आम्लता मोजून मोजून चेहराही तसाच झालाय, पण मनाची फार गोड. तिसरीवर रेडिओ. तो क्षार मोजतो आणि बोलतो. चौथीवर मी, पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या माझ्या बाटल्या घेऊन.

पहिल्या दिवशी रेडिओने पेला धरला आणि मी सळई सोडली. त्या माणसाला हातात काही धरून स्वस्थ बसता येत नाही. चहा निववावा तसा पेला गोल गोल फिरवत राहतो आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या कागाळ्या सांगतो. शंभरदा सांगितलं, पेला खाली ठेव, नमुन्याशी खेळू नये. ऐकेल तर शपथ. पण आकडे बघ! आम्ही चौघांनी जुन्या पद्धतीने काढले आणि सळईने काढले, अगदी जुळले. आंबटबाई चक्क हसली.

थंडोबा चष्मा पुसत म्हणाला, "म्हणजे मग आपण चौघं कशाला?" रेडिओ म्हणाला, "तिला बोलता कुठे येतं?" खूप हसलो. नव्याचे नऊ दिवस संपले की खरं काय ते कळवीन.

घरी ठीक. तुझ्या दादाची खोली मी आवरली नाही अजून. दार लोटून घेतलंय.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आकडे साहेबांना दाखवले. ते म्हणाले, "हे कागदावर आणा. एका सळईत चौघांचं काम होतं, असं तुमच्या वहिनींनी त्यांच्या वरिष्ठांच्या सहीने लिहून दिलं तर बहार होईल." देशील ना? शब्द तुझे, सही त्यांची.

इथे आम्ही टाळ्या वाजवल्या. रेडिओला माझा नमस्कार सांग. कुत्र्याचं पुढे काय झालं?

छोटी


२७ एप्रिल

प्रिय छोटी,

उशीर झाला. लिहून द्यायचं ते मार्चमध्येच दिलं होतं, पोचलं असेलच. मग कामात राहिले.

आम्ही सगळे मजेत. रेडिओचं बोलणं चालूच आहे. कुत्र्याने पायपुसणं पळवलं, एवढीच बातमी. आंबटबाई आंबट आहे आणि थंडोबा थंड. खोली हल्ली जरा मोठी वाटते, पण ते पडदे काढल्यामुळे असेल.

एक गोष्ट सांगू की नको असं करत होते. सळई बिघडलीय का गं? गेले काही दिवस ती क्षार जास्त दाखवते. पेल्यात सोडल्यावर आकडा थांबायला हवा ना? तो चढतच राहतो. आणि ऑक्सिजन उतरत जातो. तिचं खरं मानलं तर आमचं तळं नासायला लागलंय. मी घाबरून माझ्या जुन्या बाटल्या काढल्या आणि हाताने करून बघितलं. पाणी उत्तम आहे. म्हणजे खोटं सळईच बोलतेय.

आमच्या साहेबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

वहिनी


८ मे

वहिनी,

मार्चमध्ये बरोबर होती ना? मग मध्ये काय बदललं? ती पडली का? कोणी कशाने पुसली का? दुसरी जोडीची सळई पाठवतेय, ती लावून बघ आणि पहिली परत पाठव.

आणि मला एक मदत कर. नमुन्याची बाटली दारातून आत आल्यापासून आकडा लिहीपर्यंत तुमच्या टेबलावर काय काय होतं ते जसंच्या तसं लिही. कोण काय करतं, कोणाच्या हातात काय असतं, सगळं. तुला वाटेल, यात काय सांगायचं? तरी लिही. उपकरणाचा दोष पुष्कळदा उपकरणात नसतोच, आजूबाजूला असतो.

जुलैअखेर जवळ येतेय. आम्ही इथे सगळं बाजूला ठेवून याच्याच मागे लागलोय, तू काळजी करू नकोस. काळजी मी करतेय.

छोटी


१५ मे

प्रिय छोटी,

दुसरी सळई लावली. तीही तसंच करते.

तू विचारलंस म्हणून लिहिते. सकाळी थंडोबा तळ्यावरून बाटल्या आणतो. बाटल्या टेबलावर ठेवायच्या आधी तो प्रत्येक बाटलीचं बूड रुमालाने पुसतो, त्यात चहा गार होतो. आंबटबाई पेले विसळते. आधी साध्या पाण्याने, मग नमुन्याच्याच पाण्याने, आणि प्रत्येक वेळी पेला उजेडात धरून बघते. मग रेडिओ पेला धरतो, त्याची फिरवाफिरवी चालूच असते, आणि मी सळई सोडते. आकडा थांबला की मी मोठ्याने वाचते. रेडिओ तो पुन्हा म्हणतो, बातम्या दिल्यासारखा. थंडोबा लिहून घेतो. आंबटबाई म्हणते, "हळू वाचा, तो अजून मागच्याच आकड्यावर आहे." मग सगळे हसतात, थंडोबा सोडून, कारण तो लिहीत असतो.

एवढंच. यात तुला काही सापडलं तर बघ.

वहिनी


२४ जून

वहिनी,

काही सापडलं नाही.

परत आलेली सळई पूर्ण उघडली. तुझं पत्र समोर ठेवून एकेक गोष्ट तपासली. पेले विसळणं उत्तम. पाणी हलवत ठेवता, तेही उत्तम. म्हणजे दोष आतलाच असणार असं धरून मी कुपीचा बोळा बदलला, ऑक्सिजनवालीच्या तोंडावरचा पातळ पडदा बदलला, तारा बदलल्या. हौदात सोडली की शहाण्या मुलीसारखी वागते. तुझ्याकडे गेली की खोटं बोलते. पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसल्यासारखं झालंय.

साहेबांनी आज बोलावलं होतं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "जुलैअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर बंद करू या. तुम्हाला दुसरं काहीतरी देऊ."

वहिनी, तुला एक सांगायचं राहिलंय. मी सगळीकडे "आम्ही" लिहिते ना, आम्ही पाळ्या लावल्या, आम्ही याच्या मागे लागलोय? आम्ही नाहीच. दीड-दोन वर्षं झाली, बाकीच्यांना दुसऱ्या कामावर नेलं. या मजल्यावर चार बाकं आहेत, त्यातल्या तीन बाकांवर चादरी टाकल्यात. धूळ बसू नये म्हणून मीच टाकल्या. सकाळी आल्यावर मी एक दिवा लावते, कारण चारही लावले की चादरी जास्त दिसतात. मार्चमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा टाळ्या मात्र खरंच वाजवल्या. टाळ्या एका माणसालाही वाजवता येतात. ऐकायला विचित्र वाटतं एवढंच.

तुला आधी सांगितलं नाही, कारण दादा गेल्यानंतर तू एकटी आणि त्यात माझी भर कशाला? निदान तुझ्या टेबलावर तरी गलका आहे. खरं सांगू, तुझं मेचं पत्र मी दोष शोधायला म्हणून उघडते आणि नुसतीच वाचत बसते. तुम्ही चौघं किती मजेत असता गं.

छोटी


१ जुलै

छोटे,

तुझं पत्र वाचून मी ओट्याला टेकून रडले. आधी तुझ्यासाठी, मग माझ्या मूर्खपणासाठी.

मेमध्ये मी जे टेबल तुला लिहून पाठवलं ते आता नाही. मार्चअखेरच मोडलं. तुझ्या साहेबांना हवा होता तो कागद मी लिहिला, "ही सळई एकटी चौघांचं काम करते". आमच्या साहेबांनी सही करायच्या आधी तो दोनदा वाचला आणि मान वर करून म्हणाले, "मग इथे चौघं कशाला?" थंडोबाचंच वाक्य, पण हसायला कोणी नव्हतं. थंडोबाला कचेरीत बसवलं. आंबटबाईने राजीनामा दिला, म्हणाली, आता उठून दुसरीकडे नव्याने आंबट व्हायचा कंटाळा आलाय. रेडिओला लांबच्या एका पंपघरावर पाठवलं. तिथे नुसत्या मोटरी आहेत. त्याने जाताना मला विचारलं, "तिथे ऐकायला कोण असेल हो?"

त्यांच्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्यात. मला नको होत्या तशा, पण शिपायाने ठेवल्या.

तुला का सांगितलं नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणखी काय. तुझ्या हाताला यश येत होतं. त्यात वहिनीने कळवायचं की बाई गं, तुझ्या यशाने माझं टेबल उठलं? तुला ते सोसलं नसतं. मग तू विचारलंस, कोण काय करतं लिही. मी खरंच लिहायला बसले होते, की सगळं मीच करते. पण पहिलं वाक्य थंडोबाचं लिहिलं गेलं, आणि मग थांबवेना. लिहिताना इतकं बरं वाटत होतं की मध्येच कुठेतरी हे खोटं आहे हे मी विसरून गेले.

आता खरं ऐक. बाटल्या मी आणते. पेला मी विसळते. तो टेबलावर ठेवते, सळई कडीला अडकवून त्यात सोडते आणि हात मांडीवर घेऊन बसते. निदान आता तरी नमुन्याशी कोणी खेळत नाही, असं मनात येतं. आकडा थांबायची वाट बघते. तो थांबत नाही. खालून जमीन थरथरत असते. तेवढीच सोबत.

माझ्या खोट्याने तुझा दीड महिना गेला असेल तर मला शिक्षा कर, पण अबोला धरू नकोस.

वहिनी


९ जुलै

वहिनी! हात मांडीवर!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझं पत्र हातात धरूनच हौदाजवळ गेले आणि पंप बंद केला. पाणी थांबलं. एक पेला भरला, टेबलावर ठेवला, सळई सोडली आणि तुझ्यासारखी बसून राहिले. क्षार चढायला लागले, ऑक्सिजन उतरायला लागला. मग बोटाने पेला फिरवला. दोन्ही आकडे आपापल्या जागी आले. मी पुन्हा बसले, पुन्हा फिरवला. वेडी झाले असं वाटलं असतं कोणालाही, पण बघायला कोणी नव्हतं.

मी हिला कधी उभ्या पाण्यात सोडलंच नाही गं. आमच्या हौदात पाणी सतत फिरतं. तुझ्याकडे रेडिओ होता. पाणी उभं राहिलं की कुपीतलं पाझरलेलं मीठ तिथेच साचतं आणि शेजारचं तोंड तेच मोजतं. ऑक्सिजनवालीनं समोरचा ऑक्सिजन खाल्ला की नवा येत नाही, म्हणून तिला वाटतं संपला. एकटी सोडली की ही सळई स्वतःचंच मीठ मोजत बसते, वहिनी. मला हसू येईना.

तू ज्याला नमुन्याशी खेळणं म्हणायचीस तेच या मोजणीतलं पाचवं काम होतं. ते कोणी लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते गेलेलं कोणाला कळलं नाही.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे वापरायच्या सूचनेत लिहायचं की या कामाला दोन माणसं हवीत, एकाने पेला हलवायचा, एकाने वाचायचं. तसं लिहिलं तर कोणी विकत घेणार नाही. चौघांऐवजी एक, यासाठीच तर ती घ्यायची आहे. दुसरा उपाय, खालच्या टोकाला नखाएवढा पंखा बसवायचा, पाणी ढवळत राहील असा. आठ दिवसांचं काम आहे. तो बसवला की सळई कायमची एकट्या माणसाची होईल, आणि तुझ्या खोलीतल्या त्या खुर्च्या पुन्हा वळणार नाहीत.

मी दोन्ही कागद लिहून ठेवलेत. तू सांगशील तो साहेबांकडे जाईल. खरंच, तू म्हणशील ते. आणि वहिनी, इकडे ये ना राहायला. माझी खोली एक आहे, पण तुझ्यापुरती जागा होईल.

छोटी


१४ जुलै

छोटे,

तुझं वाचून मी लगेच पेला हातात घेऊन फिरवला. आकडा जागच्या जागी थांबला. रेडिओला मी इतकी वर्षं रागावत होते. त्याला पत्र टाकलं आणि माफी मागितली.

पंखा बसव. यात विचारायचं काय?

रेडिओ पेला हलवायला ठेवलेला नव्हता. तो क्षार मोजायचा, आणि चांगले मोजायचा. त्याला परत आणायचंच असेल तर माणूस म्हणून आणावं, चमचा म्हणून नाही. आणि माझ्याकडे जुन्या बाटल्या होत्या म्हणून सळईचं खोटं पकडलं गेलं. पुढे ज्याच्याकडे ही जाईल त्याच्याकडे बाटल्याही नसतील आणि शेजारीही नसेल. त्याने चांगल्या पाण्याला नासकं म्हटलं तर लोक तहानलेले राहतील. एकदा तसं झालं की मग खरोखर नासल्यावर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? माझं टेबल भरावं म्हणून मी लोकांना खोटं मोजमाप पाजू का? कागद साहेबांकडे दे आणि आठ दिवसांचं काम सात दिवसांत कर.

राहायला येत नाही. एका नळीत चौघींना नांदवायला तुला इतकी वर्षं लागली, आपल्या दोघींना एका खोलीत बसवायला किती लागतील? चेष्टा करतेय. पण येत नाही. तुझ्या दादाच्या खोलीचं दार अजून लोटलेलंच आहे, आणि हे टेबल मी सोडलं तर ते सळईच्या भरवशावर राहील. चार दिवस येईन, पाहुणी म्हणून. तेव्हा त्या चादरी काढून ठेव.

बाकी, एकटं वाटतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाच सांगतेय. पंख्याने ते जाणार नाही, आणि पंखा बसवला नाही तरी जाणार नाही.

वहिनी


५ ऑगस्ट

वहिनी,

मंजूर झाली. चाळीस सळया पहिल्या खेपेला. साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. मला तीन मदतनीस मिळतायत. चादरी काढल्या, एक फाटली.

आनंद झाला, खोटं नाही सांगत. पण रस्त्याने चालताना सारखं मनात येतं, चाळीस सळया म्हणजे चाळीस टेबलं, आणि प्रत्येकाशी एक माणूस, हात मांडीवर घेऊन. तुझ्या हातांना तर आता पेला फिरवायचंही काम राहिलं नाही.

पेटीत घालायचं माहितीपत्रक मलाच लिहायचं होतं. शेवटी एक ओळ मी घातलीय. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. छापून झालंय, आता रागावून उपयोग नाही.

छोटी


२१ सप्टेंबर

अहो वन्सं,

आज अहो-जाहोच करणार, कारण रागावले आहे. "वापरताना काही अडल्यास पुढील पत्त्यावर पत्राने विचारावे", आणि खाली माझ्या टेबलाचा पत्ता! बाईसाहेब, मी काय तुमची कचेरी आहे? पोस्टमनने परवा तीन पाकिटं आणून दिली आणि म्हणाला, "बढती झाली वाटतं."

तुझ्याकडे राहिले त्या चार दिवसांबद्दल नंतर लिहीन. तिथून आल्यावर खोली आधी होती त्याहून मोठी वाटली, ते सवयीने जाईल. पंखा उत्तम चालतो. त्याचा आवाज इतका बारीक आहे की कान लावावा लागतो, आणि मी लावते.

पाकिटांबद्दल सांगते. दोघांनी दोन-दोन ओळींत विचारलं होतं, त्यांना तसंच उत्तर पाठवलं. तिसरं पत्र कुठल्याशा लांबच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आलंय, अक्षर वाकडं, पानं पाच. त्याला विचारायचं होतं की ऑक्सिजनवरचा पडदा कधी बदलायचा. ते दोन ओळींत आलं. बाकीच्या पानांत लिहिलंय, की पूर्वी ते पाच जण होते. आता खोलीत तो आणि सळई. खिडकीच्या फळीवर पारव्याने घरटं केलंय, पिल्लं निघालीयत. खिडकी उघडली नाही तर औषधांच्या वासाने डोकं दुखतं, उघडली तर पिल्लं पडतील. तर ताई, तुमच्या अनुभवाने काय करावं, असं विचारतो. शेवटी लिहितो की हा प्रश्न सळईविषयीचा नाही हे मला ठाऊक आहे, पण अडलं तर विचारावं असं छापलं होतं.

पडद्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. पारव्याचं नाही. सकाळपासून विचार करतेय, फळीच्या पुढे जाळी ठोकता येईल का, की वरचं अर्धंच तावदान उघडायचं. शिवाय ते पाच जण कोण होते तेही त्याला विचारायचंय, कारण त्याने एकाचंच टोपणनाव लिहिलंय आणि बाकीच्या तिघांचं लिहायला विसरला.

त्यालाच लिहायला बसतेय. तुझं पत्र म्हणून इथेच आवरतं घेते. तू घरचीच आहेस, समजून घेशील.

तुझी वहिनी